अर्ध्या दिवसाचा समुद्र

दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सान पेद्रो, लाँग बीच, न्यूपोर्ट किंवा सान दिएगो ह्यांपैकीं कोणत्याहि बंदरांत पहांटे गेलें, तर एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. धक्क्याला लागलेल्या एका मोठ्याशा होडीवर वीस-पंचवीस माणसें चढत असतात. त्यांत कोणी वकील असतो, कोणी सुतार असतो, कोणी नातवाचें बोट धरून आलेला आजोबा असतो. एकमेकांची ओळख बहुधा नसते. परंतु प्रत्येकाच्या हातांत गळाची काठी असते आणि प्रत्येकाच्या मनांत एकच मासा पोहत असतो. होडी निघते, वाटेंत एका तराफ्यापाशीं थांबून जिवंत मासोळी आपल्या टाकींत भरून घेते, तास-दीडतास चालून खडकाळ तळाच्या जागीं उभी राहते, आणि दुपार व्हायच्या सुमारास परत धक्क्याला लागते. हिला 'हाफ-डे' म्हणजे अर्ध्या दिवसाची फेरी म्हणतात. चार-सहा स्नेह्यांनीं मिळून संबंध होडीच ठरवून घेतली, तर तिला 'चार्टर' असें नांव आहे. भाडें निराळें, रीत तीच.

ह्या फेरींतील खरी नवलाची गोष्ट अशी, कीं समुद्राचा ओ कीं ठो न जाणणारा मनुष्य आंत जातो आणि मासा घेऊन येतो. घरीं परतल्यावर तो सांगतो, "मीं धरला." तें खोटें नसतें, पण तें पुरतें खरेंहि नसतें. मासा कोठें आहे हें त्याला ठाऊक नव्हतें. आमिष कोणतें लावावें हें त्याला ठाऊक नव्हतें. होडी कोणत्या बाजूनें वळवावी ह्याची तर त्यानें कल्पनाहि केलेली नसते. हें सर्व दुसऱ्या कोणी केलेलें असतें. ह्या दोन माणसांमधील, म्हणजे दाम देणारा पाहुणा आणि वाट दाखविणारा तांडेल ह्यांच्यामधील, करार कोठें ठरला ह्याचा शोध घेऊं लागलें, म्हणजे किनाऱ्यापासून सुमारें २२ मैलांवरच्या एका बेटापाशीं जाऊन पोहोंचावें लागतें.

त्या बेटाचें नांव सांता कातालिना. मूळचे रहिवासी टोंगवा लोक. ते आपल्या बेटाला 'पिमू' म्हणत. फळ्या दोरांनीं शिवून व डांबरानें सांधे भरून केलेल्या नावांतून ते मुख्य भूमीपर्यंत ये-जा करीत आणि शिंपल्याचे वाटोळे गळ घडवून मासे धरीत. १५४२ सालीं काब्रियोचीं गलबतें येथें आलीं, १६०२ सालीं विस्काइनोनें बेटाला आजचें नांव दिलें, आणि पुढल्या सव्वादोनशें वर्षांत मूळ रहिवाशांपैकीं बेटावर कोणी उरलें नाहीं. रोगराई आणि मिशनांची मजुरी ह्यांनीं त्यांचा ग्रास केला. मागें राहिले ते शिंपल्यांचे ढीग आणि त्यांत सांपडणारे गळ. ह्या बेटावरील मासेमारीचा आरंभ 'अमुक साहेबांनीं' केला असें जेव्हां पुस्तकांत लिहिलेलें आढळतें, तेव्हां हे शिंपल्याचे गळ ध्यानांत ठेवलेले बरे.

१८८७ सालीं जॉर्ज शॅटो नांवाच्या एका धाडसी व्यापाऱ्यानें बेट विकत घेतलें आणि पूर्वेकडील एका चंद्रकोरीसारख्या खाडीवर ॲव्हलॉन हें गांव वसविलें. त्याचा व्यवहार बुडाला. १८९२ त बेट बॅनिंग बंधूंच्या हातीं गेलें, आणि त्यांनीं तेथें हवा पालटण्यास येणाऱ्यांची वर्दळ सुरू केली. सान पेद्रोच्या बाजूनें आगबोट येई. हॉटेलें होतीं, तंबू होते. नव्हती ती तारेची सोय. म्हणून १८९४ पासून कांहीं वर्षें ॲव्हलॉनची बातमी लॉस अँजेलिसला कबुतरांच्या पायाला बांधून जात असे, आणि १९०२ सालीं, बिनतारी संदेश ही अजून कौतुकाची वस्तु असतां, ह्या चिमुकल्या गांवानें मुख्य भूमीशीं बिनतारी संधान बांधलें. दुसऱ्याच वर्षीं तेथें 'द वायरलेस' ह्या नांवाचें वर्तमानपत्रहि निघालें. आकाशवाणीच्या श्रोत्यांना ह्याचें अगत्य वाटेल म्हणून हें सांगितलें. मुख्य कथा माशांची आहे.

मासे त्या वेळीं तेथें विपुल होते. विपुल हा शब्दहि थोडका पडावा इतके होते. किनाऱ्यावर उभें राहून जाड दोरीला गळ बांधून फेकावा आणि वीस-तीस पौंडांचा 'यलोटेल' वाळूंत ओढून घ्यावा, हा तेथला खेळ होता. ह्या खेळांत कसब नव्हतें आणि त्याला अंतहि नव्हता. दिवसभरांत ढिगानें मासे निघत, ते टांगून त्यांच्याशेजारीं छायाचित्र काढून घेतलें जाई, आणि संध्याकाळीं तो सगळा ढीग परत समुद्रांत लोटला जाई, कारण एवढे मासे खाणार कोण? समुद्रसिंह तेवढे धष्टपुष्ट होत.

हें पाहणाऱ्यांत चार्ल्स फ्रेडरिक होल्डर नांवाचा एक गृहस्थ होता. १८५१ सालीं मॅसाच्युसेट्स प्रांतांत जन्मलेला, न्यूयॉर्कच्या सृष्टिविज्ञान संग्रहालयांत काम केलेला, आणि प्रकृतीच्या कारणानें १८८५ सालीं पासादिना येथें येऊन राहिलेला हा लेखक, पुढें त्या गांवच्या सुप्रसिद्ध गुलाबोत्सवाच्या प्रवर्तकांतहि मोडतो. बेटावर तो प्रथम आला तेव्हां जाड दोरीवर चाललेली ती कत्तल पाहून त्याला किळस आली. त्यानें मनाशीं ठरविलें, कीं हेच मासे काठी, चक्री आणि बारीक दोरी ह्यांनीं धरून दाखवावयाचे. म्हणजे माशालाहि कांहीं संधि मिळेल आणि माणसालाहि कांहीं श्रम पडतील. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर मासा आणि मनुष्य ह्यांना एका आखाड्यांत उतरवावयाचें.

त्या पाण्यांत उन्हाळ्यांत येणारा राजा म्हणजे 'ट्यूना'. हा कोंकणकिनाऱ्यावरील कुप्याच्या कुळांतलाच, परंतु नीळसर पाठीचा, अंगानें कितीतरी मोठा आणि वेगांत कोणालाहि हार न जाणारा. उडत्या माशांच्या थव्यामागें लागला म्हणजे तो सबंध पाण्याबाहेर झेप घेतो. काठीवर इतका मोठा मासा आणण्याची गोष्टच बहुतेकांना वेड्याची वाटे. १ जून १८९८ रोजीं होल्डरच्या गळाला असा एक ट्यूना लागला. होडी लहान होती, वल्ह्यांवर जिम गार्डनर हा नावाडी होता. मासा होडी मागें ओढीत निघाला. एकदां तो खोल जाई, एकदां वर येई. मैलामागून मैल होडी त्याच्या मागें फरफटत गेली. तीन तास पंचेचाळीस मिनिटांनीं गार्डनरनें आंकडा टाकून त्याला होडीशीं आणला. वजन भरलें १८३ पौंड.

ह्या पराक्रमाचीं वर्णनें पुष्कळ झालीं आहेत आणि त्यांत होल्डरच्या मनगटाची तारीफ आहे. ती योग्यच आहे. परंतु त्या पावणेचार तासांत वल्हीं कोणाच्या हातीं होतीं? मासा जिकडे जाईल तिकडे होडीचें तोंड क्षणांत फिरविलें नाहीं, तर ती बारीक दोरी सुतासारखी तुटते. माशाला होडीखालून जाऊं दिलें तर काठी मोडते. ढील पडली तर गळ सुटतो. म्हणजे दोरीचें एक टोंक होल्डरच्या हातीं असलें, तरी तिला जिवंत ठेवण्याचें काम गार्डनरचें होतें. होल्डर हा न्यायी मनुष्य होता. आपल्या लेखांत त्यानें नावाड्यांचा गौरव वेळोवेळीं केला आहे. वजनाच्या फळ्यावर नांव मात्र एकाचेंच लागतें.

लगेच दोन आठवड्यांत, १५ जून १८९८ रोजीं, ॲव्हलॉनला 'ट्यूना क्लब' स्थापन झाला आणि होल्डर त्याचा पहिला अध्यक्ष झाला. ह्या मंडळानें केलेले नियम पुढें जगभर मोठ्या माशांच्या शिकारीचे नियम ठरले, म्हणून ते थोडे पाहिले पाहिजेत. दोरी चोवीस धाग्यांहून जाड नसावी. काठी ठरल्या लांबीहून आंखूड नसावी. मासा स्वतःच्या हातानें, कोणाचेंहि साहाय्य न घेतां, आंकड्याच्या टप्प्यांत आणला पाहिजे. काठी मोडली तर मासा बाद. वजन अधिकृत माणसानेंच करावयाचें. शंभर पौंडांवरचा ट्यूना ह्या रीतीनें धरणाऱ्याला कोटाला लावावयाची एक निळी गुंडी मिळे. ती गुंडी मिळावी म्हणून लक्षाधीश लोकांनीं उन्हाळेच्या उन्हाळे ॲव्हलॉनला घालविले. १८९९ सालीं कर्नल मोरहाउस ह्यानें २५१ पौंडांचा ट्यूना धरला आणि तो आंकडा पुढें पिढ्यान् पिढ्या त्या मंडळाच्या पुस्तकांत सर्वांच्या वर राहिला.

नियमांतील मर्म 'कोणाचेंहि साहाय्य न घेतां' ह्या शब्दांत आहे. नावाड्यानें काठीला हात लावावयाचा नाहीं. हात लागला कीं मासा पाहुण्याचा राहिला नाहीं. परंतु होडी हांकणें, आमिष लावणें, जागा दाखविणें, 'आतां ढील द्या', 'आतां ओढा' असें सांगणें, हें साहाय्य समजलें जात नसे. एक बारीक रेघ ओढली गेली होती. अलीकडे सगळी विद्या, पलीकडे सगळा मान.

हे नावाडी होते तरी कोण? त्यांतला आद्य पुरुष मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतांतून आलेला, 'मेक्सिकन जो' ह्या नांवानें सर्वांना ठाऊक असलेला एक मनुष्य. पाहुण्यांची वर्दळ सुरू होण्यापूर्वींपासून तो बेटावर राहत होता, आणि कोणत्या खडकापाशीं कोणता मासा कोणत्या महिन्यांत येतो हें त्याला तोंडपाठ होतें. त्याच्यामागून गार्डनर, एल्म्स, फार्न्सवर्थ, डॅनियलसन असे दुसरे आले. आरंभीं त्यांच्या होड्या वल्ह्यांच्या होत्या. थोड्याच वर्षांत तेलाच्या यंत्राच्या छोट्या होड्या आल्या; मागल्या बाजूस पाठमोऱ्या दोन खुर्च्या, त्यांवर दोन पाहुणे, आणि मधें यंत्रापाशीं तांडेल, अशी त्यांची मांडणी असे. काठ्या, चक्र्या, दोऱ्या, गळ, आमिष, सगळा सरंजाम तांडेलाचा. पाहुण्यानें टोपी घालून येऊन बसावें. आज कोठल्याहि बंदरांत भाड्यानें मिळणाऱ्या मासेमारीच्या होडीवर गेलें तर हीच मांडणी, हाच करार थोड्याफार फरकानें आढळतो.

अर्ध्या दिवसाचा हिशेबहि येथल्या वाऱ्यानेंच घालून दिला असावा. ॲव्हलॉनची खाडी बेटाच्या आडोशाला आहे. सकाळीं तेथें पाणी तेलासारखें स्थिर असतें. दुपार झाली म्हणजे पश्चिमेचा वारा सुटतो, बेटाच्या टोंकापलीकडे पांढरे फेस दिसूं लागतात, आणि लहान होडींत खुर्चीवर बसणें हें पाहुण्याच्या पोटाला मानवत नाहीं. म्हणून पहांटे निघावें आणि जेवायला परत यावें. तांडेलाला दुपारीं दुसरें गिऱ्हाईक मिळालें तर उत्तमच. नाहीं मिळालें तर दोऱ्या सुकत घालावयाच्या असतातच. त्या दोऱ्या जवसाच्या वाखाच्या असत. रोज वाळविल्या नाहींत तर कुजत.

ह्या सगळ्या तांडेलांत जॉर्ज फार्न्सवर्थ हा एकलकोंडा. इतर होड्या जिकडे जमत तिकडे तो जात नसे. शतकाच्या आरंभींच्या कांहीं उन्हाळ्यांत मोठे ट्यूना दिसेनासे झाले होते, आणि जे दिसत ते यंत्राच्या आवाजानें बुजत. होडी जवळ गेली कीं थवा बुडालाच. फार्न्सवर्थनें ह्यावर जी युक्ति काढली ती पोरखेळासारखी वाटते: त्यानें पतंग उडविला. १९०९ च्या सुमारास त्यानें होडीवरून एक पतंग सोडून त्याच्या दोरीला गळाची दोरी अडकविली. त्यामुळें आमिष म्हणून लावलेला उडता मासा होडीपासून पुष्कळ दूर, होडीच्या फेसाळ वाटेच्या बाहेर, लाटांच्या माथ्यावर टपटप उड्या मारीत चाले. दोरी पाण्याला शिवतहि नसे. ट्यूनाला दिसे तो केवळ पळणारा उडता मासा. त्यानें झडप घातली कीं दोरी पतंगापासून सुटे आणि झुंज सुरू होई. ज्या वाऱ्याच्या भीतीनें इतर होड्या घरीं परतत, तोच वारा फार्न्सवर्थला हवा असे. मलायी द्वीपसमूहांत आणि प्रशांत महासागरांतील कित्येक बेटांवर पानांचे पतंग उडवून मासे धरण्याची चाल फार जुनी आहे. तिची वार्ता फार्न्सवर्थच्या कानीं होती किंवा नव्हती, युक्ति तीच होती.

त्याचा नेहमींचा पाहुणा विल्यम बोशेन हा न्यूयॉर्कचा. दोघेहि मितभाषी, जोडी चांगली जमली. त्या काळच्या चक्रीचा एक मोठा दोष असा, कीं मासा धांवला म्हणजे तिची मूठ उलटी गरगर फिरे आणि पाहुण्याचीं बोटें फोडी. धांव आवरावयाची तर एक चामड्याची पट्टी अंगठ्यानें दाबून धरावयाची, एवढाच उपाय. बोशेनच्या कल्पनेवरून ब्रुकलिनच्या यूलियस फॉम होफ ह्या कारागिरानें आंतल्या आंत दाब बसेल आणि मूठ उलटी फिरणार नाहीं अशी चक्री घडविली. तीच पुढें सर्वत्र गेली. १९१३ सालीं बोशेननें फार्न्सवर्थच्या होडीवरून तलवार मासा काठीवर धरला. त्याचें वजन साडेतीनशें पौंडांहून अधिक होतें, आणि ही गोष्ट जगांत पूर्वीं कोणी केलेली नव्हती. हा मासा निवांत दिवशीं पृष्ठभागाशीं पहुडतो. पाण्यावर त्याच्या पाठीचा आणि शेपटाचा कोयतीसारखा कांठ तेवढा दिसतो. तो कांठ मैलभर अंतरावरून ओळखणें, त्याला न बुजवितां त्याच्या तोंडापुढून आमिष नेणें, हें सर्व तांडेलाचें काम. बोशेनचें नांव अमर झालें. फार्न्सवर्थचें नांव जाणत्यांना ठाऊक आहे.

'साहाय्य न घेतां' ह्या शब्दांवरून ॲव्हलॉनला एकदां मोठें रामायण झालें. झेन ग्रे हा त्या काळचा अत्यंत खपाचा कादंबरीकार तेथें १९१४ पासून येत असे. अभ्यास म्हणून तासन् तास दोऱ्या ओढून त्यानें हात कणखर केले होते. १९२० सालीं त्यानें ४१८ पौंडांचा तलवार मासा धरला आणि ह्या कर्माला केवढें पुरुषी बळ लागतें ह्याचें वर्णन करण्यांत हात आखडला नाहीं. दुसऱ्याच वर्षीं श्रीमती कीथ स्पॉल्डिंग ह्या लहानखुऱ्या बांध्याच्या बाईंनीं ४२६ पौंडांचा मासा आणला. आठ पौंडांचा फरक. ग्रेला हें सहन झालें नाहीं. एवढा मासा त्यांनीं एकट्यानें आणला नसावा, अशा अर्थाचे उद्गार त्यानें काढले. मंडळानें त्याच्याकडून क्षमायाचना मागितली. ती त्यानें केली आणि मंडळ सोडलें, असें सांगतात. पुढें ॲव्हलॉनच्या टेंकडीवर त्यानें घर बांधलें आणि शिकारीकरितां मात्र न्यूझीलंड व ताहितीपर्यंत भ्रमण केलें. ह्या वादांत सर्वांनीं बाईंच्या हातांची आणि ग्रेच्या अहंकाराची चर्चा केली. चारशें पौंडांचा मासा कोणीहि, पुरुषानें काय किंवा स्त्रीनें काय, तांडेलावांचून आणलेला नाहीं, हें सांगण्याचें मात्र कोणाला सुचलें नाहीं. सांगावयाला तांडेल तेथेंच, धक्क्यावर दोरी गुंडाळीत उभे होते.

एक बाजू आणखी आहे. माशांचें रक्षण हा मंडळाचा घोषित हेतु होता आणि होल्डर त्याविषयीं तळमळीनें झटला. बेटाभोंवतींच्या तीन मैलांत जाळीं टाकूं नयेत असा कायदा व्हावा म्हणून त्यानें वर्षानुवर्षें खटपट केली, आणि ती त्याच्या हयातींत फळासहि आली. हेतूविषयीं शंका नाहीं. जाळ्यांनीं अंडीं घालण्याच्या जागा उजाड होत होत्या हेंहि खरें. पण ज्याला जाळें वर्ज्य झालें तो सान पेद्रोचा इटालियन किंवा जपानी कोळी होता. त्याला मासा हा कोटावरच्या गुंडीसाठीं नको होता. १९०३ सालीं सान पेद्रोला 'अल्बाकोर' जातीचा ट्यूना डब्यांत भरण्याचा धंदा निघाला, कारण त्या वर्षीं सार्डीन मासळीनें दगा दिला होता; आणि थोड्याच काळांत बांबूच्या काठीनें अल्बाकोर धरण्यांत निष्णात असलेले जपानी कोळी तेथल्या टर्मिनल आयलंडवर वस्ती करून राहिले. १९४२ च्या फेब्रुवारींत, युद्धाच्या धामधुमींत, त्या सर्वांना अठ्ठेचाळीस तासांत घरें सोडावयास लाविलें गेलें. समुद्र कोणाचा, हा प्रश्न ह्या किनाऱ्यावर नेहमीं जमिनीवर सोडविला गेला आहे.

होल्डर १९१५ च्या ऑक्टोबरांत वारला. पुढच्याच महिन्यांत, २९ नोव्हेंबरला, ॲव्हलॉनला आग लागून अर्धें गांव जळालें, त्यांत ट्यूना क्लबची इमारतहि गेली. ती १९१६ सालीं पुन्हा उभी राहिली आणि पाण्यावर खांब रोवून उभी असलेली ती पांढरी वास्तु अद्याप तेथें आहे. १९१९ सालीं च्यूइंग गमचा कारखानदार विल्यम रिग्ली ह्यानें बेट घेतलें. १९२४ सालीं सुमारें दोन हजार उतारू नेणारी 'कातालिना' ही आगबोट सुरू झाली आणि निवडक श्रीमंतांचें ॲव्हलॉन सर्वांचें झालें. थोर मंडळी येतच होती. १९२९ च्या सप्टेंबरांत विन्स्टन चर्चिल येथें आला असतां त्यानें १८८ पौंडांचा मार्लिन मासा धरला, तोहि सुमारें वीस मिनिटांत; ह्या पाण्यांत महिनेच्या महिने रिकाम्या हातानें बसलेल्यांना त्याचें काय वाटलें असेल!

परंतु खरें स्थित्यंतर मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर झालें. ॲव्हलॉनची दोन खुर्च्यांची होडी कारकुनाला, गवंड्याला परवडणारी नव्हती. तेव्हां माणशीं थोडें भाडें घेऊन पुष्कळ माणसें नेणाऱ्या मोठ्या होड्या निघाल्या, आणि ज्यांना तेंहि जड त्यांच्यासाठीं जुनीं शिडाचीं जहाजें किनाऱ्यापासून दूर नांगरून त्यांवर मासे धरण्याची सोय झाली. अशा एका जहाजाची कथा थोडी विषयांतर करून सांगण्याजोगी आहे. १८८७ सालीं स्कॉटलंडांत बांधलेलें चार डोलकाठ्यांचें 'केनिलवर्थ' हें पुढें 'स्टार ऑफ स्कॉटलंड' झालें, म्हातारपणीं सांता मोनिकापुढें गळ टाकणाऱ्यांचा तराफा झालें, १९३८ सालीं 'रेक्स' ह्या नांवानें तरंगता जुगारअड्डा झालें, आणि महायुद्धांत पुन्हा शिडें चढवून मालवाहू झालें. १९४२ च्या नोव्हेंबरांत आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीनें त्याला बुडविलें. ज्या कठड्याला टेंकून लॉस अँजेलिसच्या कामगारांनीं रविवारीं मासे ओढले, तो कठडा आज दक्षिण अटलांटिकच्या तळाशीं आहे.

१९३६ सालीं एक लहानशी गोष्ट घडली, जिचें महत्त्व त्या वेळीं कोणाला वाटलें नसेल. कॅलिफोर्निया सरकारनें भाड्यानें उतारू नेऊन मासेमारी करविणाऱ्या प्रत्येक होडीच्या तांडेलानें नोंदवही ठेवली पाहिजे असा नियम केला: किती माणसें नेलीं, किती वेळ गळ टाकले, कोणते मासे किती निघाले. युद्धकाळाचा खंड सोडला तर ह्या नोंदी आजतागायत चालू आहेत. ट्यूना क्लबचें पुस्तक थोरामोठ्यांचा एकेक मासा नोंदवी. हें पुस्तक नांव नसलेल्या माणसांचे सगळे मासे नोंदवूं लागलें, आणि तें लिहिणारा हात तांडेलाचा होता.

तांडेलाच्या ह्या वहीनें पुढें मोठाच चकवा दिला. अर्ध्या दिवसाच्या फेऱ्यांचा सगळा भार 'बास' जातीच्या दोन माशांवर असे. एक पाणवनस्पतींच्या रानांत राहणारा, दुसरा वालुकामय तळावरचा. वर्षानुवर्षें माणशीं निघणारे मासे जवळजवळ तितकेच राहिले. म्हणजे सर्व आलबेल, असें वाटलें. २०११ सालीं शास्त्रज्ञांनीं ह्या नोंदी समुद्राखालीं प्रत्यक्ष केलेल्या मोजदादीशीं ताडून पाहिल्या, तेव्हां दोन्ही मासे पार रोडावलेले आढळले. हे मासे उन्हाळ्यांत अंडीं घालण्यासाठीं ठराविक जागीं दाटीनें जमतात. त्या जागा तांडेलांना बिनचूक ठाऊक. समुद्र रिता होत गेला तरी ती जागा भरलेली दिसे, आणि पाहुणा पूर्वींइतकेच मासे घेऊन घरीं जाई. तांडेलाची विद्या जितकी उत्तम, तितकी वही अधिक फसवी! २०१३ सालीं ह्या माशांची धरण्यायोग्य लांबी १२ इंचांवरून १४ इंच करण्यांत आली आणि माणशीं दहा मासे नेण्याची मुभा पांचांवर आली. पुष्कळ तांडेलांच्या पोटावर ह्याचा घाव बसला. कांहींना मात्र जुने लोक काय सांगत होते तें आठवलें असेल.

ॲव्हलॉनच्या जुन्या छायाचित्रांत एक प्रचंड, काळा, दगडासारखा मासा वारंवार दिसतो. त्याच्याशेजारीं काठी टेंकून उभा असलेला पाहुणा त्याच्यापुढें किरकोळ वाटतो. १९०५ सालीं ह्या जातीचा ४३६ पौंडांचा मासा काठीवर निघाला होता. हा मासा हळूहळू वाढतो आणि माणसाहून फारसा कमी जगत नाहीं. म्हणून पन्नास वर्षांत तो जवळजवळ नामशेष झाला. १९८२ पासून कॅलिफोर्नियांत तो धरण्यास बंदी आहे. आतां तो पुन्हा कातालिनाच्या खडकांपाशीं दिसूं लागला आहे. पाणबुडे त्याच्याशेजारीं पोहतात. गळाला चुकून लागला तर तांडेल पाहुण्याच्या खांद्यावर हात ठेवून दोरी सोडावयास लावतो, आणि फळ्यावर कोणाचेंहि नांव लागत नाहीं.

आणि ट्यूना? २०१५ च्या पुढल्या वर्षांत नीळसर पाठीचे मोठे ट्यूना दक्षिण कॅलिफोर्नियाच्या पाण्यांत पुन्हा येऊं लागले, दोनशें-तीनशें पौंडांचे. होड्यांवर आतां ध्वनिलहरींनीं मासा शोधणारीं यंत्रें आहेत, नायलॉनच्या दोऱ्या आहेत, उपग्रहांनीं मोजलेलें पाण्याचें उष्णमान तांडेलाच्या हातांतल्या पडद्यावर आहे. तरी ट्यूना यंत्राच्या आवाजाला बुजतो तो बुजतोच. सान क्लेमेंटे बेटाच्या बाजूला दुपारचा वारा सुटला म्हणजे होड्यांच्या मागल्या बाजूनें एकामागून एक पतंग वर चढतात, आणि त्यांच्या दोऱ्यांना टांगलेले उडते मासे लाटांच्या माथ्यावर टपटप उड्या मारीत चालतात.